बकऱ्या बीटीनं मेल्या का? अळीचं आतडं, बकरीचं आतडं आणि जिवाणूंचं विष

वावरवाला

नमस्कार मंडळी. केळापूर तालुक्यातून लिहितोय. कापसाचा शेवटचा वेचा झाला की आमच्याकडे पऱ्हाटी उपटायच्या आधी वावर बकऱ्यांसाठी मोकळं सोडतात. पाला, उरलेली बोंडं, कवडी, जे सापडेल ते त्या खातात. दरवर्षीचंच आहे.

यंदा शेजाऱ्याच्या कळपातल्या काही बकऱ्या एका रात्रीत गेल्या. संध्याकाळी नीट चरत होत्या, सकाळी गोठ्यात पाय ताणून पडलेल्या. त्यातही रोडक्या वाचल्या आणि चांगल्या भरलेल्या गेल्या. पारावर एकच निकाल लागलाय: बीटी कापसाचं जहर.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. बीटी अळीच्या पोटात जाऊन आतडं फोडतं असं आम्हाला शिबिरात सांगितलं होतं. मग बकरीचं आतडं का नाही फोडणार? आणि जहर बकरीला मारण्याइतकं जालीम असेल, तर गुलाबी बोंडअळी त्याच बोंडात मजेत कशी राहते? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. भाषण नको, कारण सांगा.

सूक्ष्मदर्शी

वावरवाला, प्रश्न एकदम नेमका आहे. मी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल. बकऱ्या कशानं मेल्या ते मी सांगू शकणार नाही, ते काम इथले पशुवैद्य गोठाडॉक्टर यांचं. बीटी काय करतं तेवढं सांगतो.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत सापडला. पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीतून तो वेगळा केला आणि थुरिंजिया प्रांतावरून नाव दिलं. म्हणजे अळ्या मारणं हा त्याचा जुना धंदा आहे, कंपन्यांनी शिकवलेला नाही. हा जिवाणू बीजाणू धरताना शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. या प्रथिनांना क्राय प्रथिनं म्हणतात. आपल्या कापसात त्यातल्या क्राय१एसीचं जनुक २००२ पासून आहे, आणि २००६ पासून बोलगार्ड-२ या बियाण्यात त्याच्या जोडीला क्राय२एबी.

आता हे प्रथिन तयार होतं तेव्हा निरुपद्रवी असतं. ते अळीच्या मधल्या आतड्यात जातं. पतंगवर्गातल्या अळ्यांचं आतडं बरंच अल्कधर्मी असतं, सामू ९ ते ११ च्या घरात. तिथे प्रथिन विरघळतं. मग अळीचेच पाचकरस त्याचा बराचसा भाग कापून टाकतात आणि मधला गाभा उरतो. खरं विष तो गाभा. अळी जेवण पचवायला जाते आणि स्वतःच्या हातानं विषाला धार लावते.

एवढ्यानंही अळी मरत नाही. आतड्याच्या पेशींवर जे आवरण असतं ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं, जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं. एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. विषाचे रेणू त्यावर आपटून नुसते निघून जातील. त्यांना धरायला जागा लागते. अळीच्या आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं एक प्रथिन बाहेर डोकावत असतं, विष त्याला चिकटतं. चिकटल्यावर त्याचा आणखी एक छोटा तुकडा कापला जातो, मग असे काही रेणू एकत्र जमतात, आवरणावरच्या दुसऱ्या काही प्रथिनांचा आधार घेतात आणि सगळे मिळून आवरणात घुसतात. तयार होतं एक छिद्र.

वावरवाला

म्हणजे ठिबकच्या नळीला खारी कुरतडून भोकं पाडतात तसं?

सूक्ष्मदर्शी

भोकापुरतं बरोबर, फक्त पाणी उलट्या दिशेनं जातं. पेशीच्या आत प्रथिनं आणि इतर मोठे रेणू दाटीनं असतात. ते एवढ्याशा छिद्रातून बाहेर पडू शकत नाहीत, पण क्षार आणि पाणी सहज आत येतात. पेशी तासन् तास राबून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत असा जो तोल सांभाळत असते, तो कोसळतो. पाणी शिरत राहतं, पेशी फुगते आणि फुटते. अशा पुष्कळ पेशी फुटल्या की अळी खाणं सोडते. आतड्यातले जिवाणू रक्तात उतरतात आणि एक-दोन दिवसांत ती संपते.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: बकरीच्या आतड्याच्या पेशींवर क्राय प्रथिनाला धरणाऱ्या त्या जागा नाहीत. माणसाच्याही नाहीत. शिवाय आपल्या जठरात आम्ल असतं.

काहूनबावा

सर, सारं बरोबर. पन मले एक सांगा, बकरीच्या पोटात चार कप्पे असतात. पह्यल्या कप्प्यात कुठं आलं आम्ल? थो त रवंथ कराचा कप्पा. मानसाच्या पोटाचं गनित बकरीले काहून लावून राह्यले? आन् वारंगलकडे २००६ च्या टायमाले बीटी कापसात चरून मेंढ्या मेल्याच्या बातम्या होत्या ना पेपरात? त्या काय हवेत मेल्या?

सूक्ष्मदर्शी

काहूनबावा, हा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारत नाही, तुम्ही विचारलात. बरोबर आहे, रवंथाच्या पहिल्या कप्प्यात फारसं आम्ल नसतं, सामू साधारण ६ ते ७. तिथलं काम जिवाणू करतात, ते प्रथिनांची मोडतोड करतात. चौथा कप्पा मात्र आपल्या जठरासारखाच आम्लाचा. एवढ्यातूनही क्राय प्रथिनाचे काही तुकडे शेणापर्यंत पोहोचतात, हे गाईंवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून मी आम्लावर फार भर देत नाही. विष टिकलं तरी पेशीनं त्याला धरलं पाहिजे. धरणारं काही नसेल तर ते प्रथिन हरभऱ्यातल्या प्रथिनासारखंच, खाल्लं आणि पचलं.

वारंगलच्या बातम्या खऱ्या होत्या, तेव्हा खूप गदारोळही झाला. पण मेंढ्या मेल्या हे एक आणि क्राय प्रथिनानं मेल्या हे दुसरं. कापसाच्या वावरात प्रथिनाखेरीज काय काय असतं ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही.

काहूनबावा

फवारा असते, दुसरं काय. अन् सरकीतलं ते गॉसिपॉल नावाचं जहर. पटलं अर्धं. अर्धं डॉक्टर आल्यावर.

गोठाडॉक्टर

आलो. वर्धा जिल्ह्यात पशुवैद्यक आहे, दिवसभर लसीकरणात होतो.

वावरवाला भाऊ, शवविच्छेदन झाल्याशिवाय कुठलाच डॉक्टर छातीठोक सांगणार नाही, मीही नाही. पण तुमच्या वर्णनातलं एक वाक्य माझ्या डोक्यात घंटा वाजवून गेलं: भरलेल्या गेल्या, रोडक्या वाचल्या. मला चार गोष्टी सांगा. मेलेल्या बकऱ्यांनी आदल्या दिवशी कापसाखेरीज काय खाल्लं? वावरात शेवटची फवारणी कधी आणि कशाची? मरण्याआधी हगवण, झटके, मान मागे टाकणं, असं कोणी पाहिलं का? आणि गेल्या पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस झाली होती का?

वावरवाला

डॉक्टरसाहेब, शेजाऱ्याला विचारून आलो. फवारणी दिवाळीनंतर झालीच नाही. एका बकरीला सकाळी झटके येत होते, तोंडाला फेस, पाय सायकल चालवल्यासारखे मारत होती, ती तासाभरात गेली. लस नाही. आणि खाण्याचं म्हणाल तर कापसाच्या वावराला लागून हरभऱ्याचं खळं होतं, मळणी झालेली, ढीग तसाच ताडपत्रीखाली. पोरगं राखणीला होतं ते मोबाइलवर. बकऱ्या ताडपत्रीखाली घुसल्या होत्या हे आत्ता कळलं, आधी कोणी बोललंच नव्हतं.

गोठाडॉक्टर

वाटलंच. ताकदवान बकऱ्या ढिगावर पहिल्यांदा पोहोचतात, रोडक्या मागे राहतात.

एकदम खूप दाणा खाल्ला की दोन शक्यता असतात. एक, पोटात आम्ल वाढून होणारा विकार. दुसरी आंत्रविषार. झटके आणि झटपट मरण पाहता मी दुसरीकडे झुकतो, तरी पहिली पूर्ण बाजूला टाकत नाही.

आंत्रविषार करणारा जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, ड प्रकार. तो धडधाकट जनावराच्या आतड्यातही थोडाफार असतो, गप्प असतो. न पचलेलं पिठूळ खाणं लहान आतड्यात उतरलं की त्याला मेजवानी मिळते. तो भराभर वाढतो आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतो. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं तरी हेच होतं. म्हणून आमची लस मे-जूनमध्ये असते.

सूक्ष्मदर्शी सरांनी क्राय प्रथिनाबद्दल जे लिहिलं ते वाचताना मला गंमत वाटली. एप्सिलॉनची कुंडली जवळपास तीच! तेही निष्क्रिय जन्मतं, आणि बकरीच्याच आतड्यातलं ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य त्याचा तुकडा कापून त्याला जागं करतं. तेही पेशीवर धरायला जागा शोधतं, सात-सात रेणूंचं कडं करतं आणि आवरणात छिद्र पाडतं. फरक असा की याला लागणाऱ्या जागा बकरी-मेंढीच्या पेशींवर आहेत. विष आतड्यातून रक्तात जातं आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला धरतं. तिथल्या पेशी गळू लागतात, मेंदूत पाणी उतरतं, म्हणून झटके. मूत्रपिंडाच्या पेशींनाही ते धरतं. मेंढीचं प्रेत उघडलं की कधी कधी मूत्रपिंड लगद्यासारखं हाताला लागतं. बकरीत आतड्याचा दाह जास्त दिसतो, हगवणीत रक्त आणि शेंबही.

क्लॉस्ट्रिडियमच्या विषांत बोटुलिनम आणि धनुर्वाताच्या विषानंतर तीव्रतेत नंबर लागतो तो याचाच.

मेघना_अमरावती

सर, डॉक्टर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात अंड्याच्या बलकाच्या आगरवर परफ्रिंजेन्स वाढवला की भोवती पांढरट वलय येतं ना, ते हेच विष का?

सूक्ष्मदर्शी

नाही मेघना, ते अल्फा विष. एकाच जिवाणूच्या भात्यात अनेक बाण आहेत आणि प्रत्येकाची पेशीच्या आवरणाशी भांडायची रीत वेगळी. अल्फा हे छिद्र पाडणारं नाही, ते विकर (एन्झाइम) आहे. आवरण ज्या स्निग्ध रेणूंचं बनलंय त्यातला लेसिथिन ते कापतं. बलकात लेसिथिन भरपूर, म्हणून वलय. अर्ध्या थाळीवर प्रतिविष लावलं तर त्या अर्ध्यात वलय येत नाही, तेही करून बघ.

तिसरं एक थीटा विष आहे. त्याला प्रथिन लागतच नाही, आवरणातलं कोलेस्टेरॉलच ते धरतं. त्याचे तीस ते पन्नास रेणू मोठं कडं करतात आणि २५-३० नॅनोमीटरचं भगदाड पडतं. त्यातून क्षार तर जातातच, प्रथिनंही जातात. एप्सिलॉनचं छिद्र त्यापुढे सुईच्या टोकाएवढं, पण मारतं जास्त ते. भोकाच्या आकारावरून विषाची ताकद ठरत नाही. ते कुठल्या पेशीला धरतं यावर ठरते.

मेघना_अमरावती

आणि कॉलऱ्याचं? तेही छिद्र?

सूक्ष्मदर्शी

अजिबात नाही, आणि हा माझा आवडता विषय असल्यामुळे चार ओळी जास्त लिहितो. कॉलऱ्याचे जिवाणू विष सोडतात हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोऱ्यानं बांधून त्यात जिवाणू गाळून काढलेलं नुसतं पाणी सोडलं, तरी त्यात द्रव साचला. साध्या प्रयोगशाळेत, जिद्दीनं. त्यांच्या हयातीत आपल्याकडे त्यांची व्हायला हवी होती तेवढी कदर झाली नाही, असं माझं मत आहे.

त्या विषाचे पाच सारखे भाग आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ नावाच्या शर्करायुक्त स्निग्ध रेणूंना धरतात आणि सहावा भाग आत पोहोचवतात. आवरण शाबूत राहतं. आत गेलेला भाग पेशीचा एक खटका कायमचा चालू स्थितीत अडकवतो. सीएएमपी नावाचा संदेशवाहक रेणू वाढतो, क्लोराइड बाहेर वाहतं, त्यामागे सोडियम आणि पाणी. पेशी जिवंत, पण माणूस सुकून मरतो. पेशी जिवंत असल्यामुळेच मीठ-साखरेचं पाणी काम करतं: ग्लुकोजसोबत सोडियम आत ओढणारी वाट विषानं बंद केलेली नसते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून माणसं वाचवली.

टसरवाली_आरमोरी

मेळघाटात २०२२ च्या जुलैत पाचडोंगरी, कोयलारीला विहिरीचं पाणी पिऊन कॉलरा झाला होता, तेव्हा आमच्या ओळखीच्या आशाताई सांगत होत्या की लोक ओआरएसला, म्हणजे याच मीठ-साखरेच्या पाण्याला, औषधच मानत नव्हते, सुई द्या म्हणत होते. वरचा प्रतिसाद त्यांना पाठवते.

माझा प्रश्न वेगळा. इकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. जवळच्या भाजीवर कोणी बीटीची पावडर फवारली तर?

सूक्ष्मदर्शी

ताई, टसरचा किडा म्हणजे पतंगाचीच अळी. आतडं अल्कधर्मी, धरायच्या जागाही असण्याची दाट शक्यता. इशिवातांना हा जिवाणू रेशीमकिड्यातच मिळाला होता. फवाऱ्याचं वारं तुमच्या झाडांकडे येऊ देऊ नका. त्या पावडरीच्या डब्यावर ‘जैविक’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

काहूनबावा

आता मुद्द्यावर या. वावरवाल्याचा दुसरा प्रश्न तसाच लोंबकळून राह्यला. गुलाबी अयी बीटी खाऊन लठ्ठ होऊन राह्यली त्याचं काय? २०१७ ले आमच्या यवतमाळात बोंडं फोडली त सारी किडकी. फवारून फवारून मानसं मेली त्या साली, अयी नाई मेली.

बियाणंवाला_अकोला

याचं मी लिहितो, कृषी शाखेचा आहे.

गुलाबी अळीनं विष पचवायला शिकलं असं लोक म्हणतात, तसं नाही. तिनं धरायची जागा बदलली. भारतातल्या ज्या अळ्यांवर क्राय१एसीचा परिणाम होत नाही त्यांच्यात कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड सापडले. प्रथिन तुटकं बनतं किंवा त्याचा मधला भागच गळालेला असतो. विष येतं, धरायला काही नाही, पुढे निघून जातं. म्हणजे क्राय१एसीच्या बाबतीत ती अळी बकरीसारखी झाली. क्राय२एबी दुसऱ्या जागेला धरतं, म्हणून तर दोन विषं एकत्र घातली होती. पण त्याविरुद्धही एबीसीए२ नावाच्या आवरणातल्याच दुसऱ्या प्रथिनात बिघाड आले. गुजरातेत क्राय१एसी निकामी होऊ लागल्याचं २००९-१० मध्ये समोर आलं, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत बोलगार्ड-२ चीही गत तीच.

असे बिघाड सहसा अप्रभावी असतात, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाले तरच अळी वाचते. एका बाजूनं आला तर मरते. म्हणून बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटीचं १२० ग्रॅमचं पुडकं येत होतं. ते कडेनं लावलं असतं तर तिथे साध्या अळ्या जगल्या असत्या, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले असते आणि त्यांची पिल्लं बीटीवर मेली असती. ते पुडकं कुठे गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. धुऱ्यावर, नाहीतर उकिरड्यावर. शेतकऱ्याला एकट्याला दोष देत नाही. अळीला पोसायला जागा सोडा, हे पटवून सांगणारं कोणी आलंच नाही.

वावरवाला

आम्ही धुऱ्यानं तूर लावतो, तिचा उपयोग नाही का?

बियाणंवाला_अकोला

हिरव्या बोंडअळीसाठी आहे, ती तुरीवरही जगते. गुलाबी जवळजवळ फक्त कापसावर, तिला तुरीचा काय उपयोग!

आणि आपल्याकडची खास अडचण अशी की आपला कापूस संकरित. झाडात विषाचं जनुक एकाच बाजूनं आलेलं असतं. त्यामुळे बोंडातल्या सगळ्या सरकीत ते उतरत नाही. एका जनुकाचा हिशेब धरला तर चारातली एक सरकी विषाशिवाय. गुलाबी अळी पान खात नाही, ती बोंडात बसून सरकीच खाते. एकात थोडं विष, दुसरीत नाही, असं चाखत चाखत वाढते. प्रतिकार तयार करायला याहून चांगली शाळा नाही. अमेरिकेत सरळ वाणांचं बीटी, सोबत वांझ केलेले पतंग सोडणं आणि हंगाम संपला की पऱ्हाटी गाडणं हे सगळं एकत्र केलं, आणि २०१८ मध्ये त्यांनी गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. आपण फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीवर पुढचं पीक, घेत बसलो. डिसेंबरनंतर उभी पऱ्हाटी म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत घरपोच शिधा.

काहूनबावा

फरदड हौसेनं घेत नाई कोनी भाऊ. कर्ज डोक्यावर असलं का चार क्विंटल बी सोडवत नाई.

बियाणंवाला_अकोला

मान्य. त्यावर वेगळा धागा काढू, इथे बकऱ्या हरवतील.

वावरवाला

बकऱ्यांकडे येतो. शेजारी विचारतोय, झटके येत असताना लस टोचली असती तर ती एक तरी वाचली असती का? आणि उरलेल्यांचं काय करायचं?

गोठाडॉक्टर

नसती वाचली. लसीत निष्प्रभ केलेलं विष असतं. ते पाहून बकरीचं शरीर प्रतिपिंडं बनवतं, त्याला आठवडे लागतात. प्रतिपिंडं रक्तातल्या मोकळ्या विषाला पकडतात, पेशीला धरायच्या आधी. एकदा सात रेणूंचं कडं आवरणात रुतलं की त्याला बाहेर ओढणारं औषध माझ्या पेटीत नाही. लवकर लक्षात आलं तर प्रतिविष, प्रतिजैविकं, सलाइन देऊन बघतो, पण खेड्यात आमच्यापर्यंत निरोप येतो तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

उरलेल्यांचा दाणा आजपासून पूर्ण बंद, फक्त कोरडा चारा. कोणी सुस्त दिसली, दात खात असली, पातळ हगत असली तर लगेच दवाखान्यात फोन. लस आत्ता टोचून घ्या. पहिलीच वेळ असल्यानं दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागेल, तो चुकवू नका, एका डोसावर भागत नाही. बकरीत या लसीचा असर मेंढीपेक्षा कमी काळ टिकतो, तेव्हा वर्षातून एकदा पुरेल का हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. गाभण बकऱ्यांना विण्याच्या महिनाभर आधी टोचली की चिकातून पिल्लांना संरक्षण मिळतं.

आणि पुढे असं काही झालं तर प्रेत लगेच पुरू नका, उन्हात फुगू देऊ नका, आधी आम्हाला बोलवा. तासांत सडतं आणि मग आतड्यात काय होतं ते कळत नाही. परफ्रिंजेन्स मेलेल्या जनावरात आपोआपही वाढतो, त्यामुळे उशिरा घेतलेला नमुना काहीच सिद्ध करत नाही. कातडं सोलायची घाई तर मुळीच नको, अचानक मेलेलं जनावर फाशीचंही (माणसालाही होणारा ॲन्थ्रॅक्स) असू शकतं.

वावरवाला

बरं झालं सांगितलंत, कातडं सोलायचं चाललं होतं. दोन पुरल्यात, तिसरीला हात लावू दिला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात फोन केला, उद्या सकाळी येतो म्हणाले. काय निघतं ते इथेच टाकतो.

काहूनबावा

टाकजो. अन् त्या पोराच्या हातचा मोबाइल आधी काढून घे म्हना.